जोसेफ प्लम्ब मार्टिन: युद्ध जिंकलं, शेत गेलं

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा ऐकून झाल्यावर नावं आणि तारखा पुन्हा एकदा बघायच्या आहेत, त्यांच्यासाठी हा भाग लिखित स्वरूपात. बोलताना जसं होतं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे काय की" जरा कमी केलेत.

अमेरिकेची राज्यक्रांती म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? डॉलरच्या नोटेवरचा जॉर्ज वॉशिंग्टन. ते गाजलेलं म्युझिकल बघितलं असेल तर अलेक्झांडर हॅमिल्टन, तोही नोटेवर आहेच. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय तो कुठल्याच नोटेवर नाही. त्याचं नाव जोसेफ प्लम्ब मार्टिन. वयाच्या पंधराव्या वर्षी सैन्यात गेला, मधली थोडी सुट्टी सोडली तर युद्ध संपेपर्यंत तिथेच राहिला. नंतर जंगलाच्या काठावर जाऊन घर बांधलं, शेत उभं केलं. आणि ते शेत त्याच्या हातून गेलं. घेणारा कुणी इंग्रज नव्हता. ज्या सैन्यात जोसेफ लढला, त्याच सैन्यातला एक जनरल होता.

म्हणून आजचा प्रश्न एकच: क्रांती जिंकली की जिंकलेलं नेमकं कुणाच्या वाट्याला येतं?

वसाहतीतलं पोर

आधी थोडी पार्श्वभूमी. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्लंडच्या १३ वसाहती होत्या. तिथे राहणारे बहुतेक गोरे लोक म्हणजे आधी येऊन वसलेल्या इंग्रजांची मुलं-नातवंडं. त्यांच्यासाठी जमीन हेच सगळं. ज्याच्याकडे स्वतःचं शेत तो स्वतंत्र माणूस, ज्याच्याकडे नाही तो दुसऱ्याच्या शेतावरचा गडी. ही जमीन आली कुठून, तर तिथे शेकडो पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांकडून. ही गोष्ट डोक्यात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

जोसेफचा जन्म २१ नोव्हेंबर १७६० चा, मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या बेकेट गावचा. वडील चर्चमध्ये पाद्री. सातव्या वर्षी त्याला कनेक्टिकटमधल्या मिलफर्डला आजी-आजोबांकडे पाठवलं आणि तो तिथेच वाढला. आजोबांची शेती होती, त्यामुळे कष्टाची सवय लहानपणापासून. थोडंफार शिक्षणही झालं. त्याची लेखणी किती तिखट होती ते पुढे कळेलच.

एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन आणि काँकर्डला पहिल्या गोळ्या झाडल्या गेल्या. गावागावांतून भरती सुरू झाली. जोसेफलाही जायचं होतं, पण वय लहान. वर्षभरानंतर, १७७६ च्या उन्हाळ्यात, सहा महिन्यांसाठी भरती निघाली तेव्हा तो तिथे जाऊन उभा राहिला.

सही करतानाचा किस्सा त्याने स्वतः सांगितलाय. हातात लेखणी घेतली, शाईत बुडवली, आणि नुसतीच हवेत फिरवत राहिला. कागदाला टेकवायची हिंमत होईना. तेवढ्यात मागून वाकून बघणाऱ्या कुणीतरी हाताला धक्का दिला आणि कागदावर एक भलीमोठी रेघ उमटली. झालं! आजूबाजूचे म्हणाले, याने तर सही केली! मग यानेही विचार केला, आता एवढं झालंच आहे तर होऊन जाऊ दे. आणि खाली नीट नाव लिहून टाकलं.

गंमत वाटते, पण विचार करा. पंधरा वर्षांचा मुलगा आहे. आपल्याकडे या वयात दहावीचा क्लास चालू असतो.

पहिलं वर्ष आणि दुसरी सही

त्या पहिल्या सहा महिन्यांत जोसेफने मारच जास्त पाहिला. ऑगस्ट १७७६ मध्ये ब्रुकलिनला वॉशिंग्टनच्या फौजेचा पराभव झाला. सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या युद्धनौका किप्स बे इथे किनाऱ्याजवळ आल्या आणि तोफा सुरू झाल्या. जोसेफ आणि त्याचे सोबती एका उथळ खंदकात पडून होते. हे ठिकाण आज न्यूयॉर्क शहराच्या ऐन मध्यात आहे. तिथून सगळे पळाले. पळाले हे तो लपवत नाही, आणि अधिकारी आपल्या आधी कसे गायब झाले हेही लपवत नाही. ऑक्टोबरमध्ये व्हाइट प्लेन्सची लढाई झाली आणि डिसेंबरअखेर मुदत संपल्यावर तो घरी आला. आता पुरे, असं ठरवून.

पण १७७७ च्या वसंतात नवी फौज उभी राहिली. प्रत्येक गावाला ठरावीक सैनिक द्यायचे होते. मग लोकांनी काय केलं, तर गावातल्या माणसांचे छोटे गट पाडले. प्रत्येक गटाने एक सैनिक द्यायचा. स्वतः जायचं नसेल तर पैसे देऊन दुसरा उभा करायचा. अशाच एका गटाने जोसेफला गाठलं. तोही म्हणाला, जायचंच आहे तर निदान आपल्या कातडीची किंमत तरी नीट वसूल करू. असा तो सोळाव्या वर्षी, युद्ध संपेपर्यंतच्या बोलीवर, कनेक्टिकटच्या ८ व्या रेजिमेंटमध्ये दाखल झाला.

ही दुसरी सही महत्त्वाची. कारण हा एक करार होता. सैनिकाने काय द्यायचं? युद्ध संपेपर्यंतचं आयुष्य. आणि देशाने काय द्यायचं? साध्या शिपायाला महिन्याला पावणेसात डॉलरच्या आसपास पगार. रोज ठरलेलं मांस, पीठ असा शिधा. दरवर्षी कपडे. आणि युद्ध संपल्यावर १०० एकर जमीन.

आता बघू, या करारातलं काय काय पाळलं गेलं.

तोफगोळा आणा, रम मिळवा

१७७७ च्या शरद ऋतूत इंग्रजांनी फिलाडेल्फिया शहर घेतलं. पण शहरातल्या फौजेला रसद नदीतूनच येणार. डेलावेअर नदीतल्या एका चिखलाच्या बेटावर फोर्ट मिफ्लिन नावाचा किल्ला होता आणि तो अमेरिकन फौजेकडे होता. तो टिकेल तितके दिवस इंग्रजांची जहाजं अडणार. तिथे काही शे लोक ठेवले, त्यात जोसेफ.

दिवसा इंग्रजांच्या तोफा तट पाडायच्या, रात्री हे लोक तो पुन्हा उभा करायचे. ओल्या चिखलात, थंडीत, कित्येकांच्या पायात काहीच नाही. पंधरा दिवसांत आडवं पडून झोप अशी मिळालीच नाही, असं जोसेफ सांगतो.

त्यातला एक तपशील तर सिनेमात घालावा असा. किल्ल्यात एक मोठी तोफ होती, पण तिला बसणारे गोळे नव्हते. इंग्रजांकडे त्याच मापाची तोफ होती. मग अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की इंग्रजांनी मारलेला गोळा जो उचलून आणेल त्याला घोटभर रम. जोसेफने पाहिलंय, गोळा येऊन पडला रे पडला की वीस-वीस, पन्नास-पन्नास माणसं त्याच्यामागे धावायची. तो थांबायच्या आत पकडायला!

१५ नोव्हेंबरला तोफांचा मारा इतका झाला की किल्ला म्हणावा असं काही उरलं नाही. रात्री उरलेले लोक होड्यांतून निसटले.

पुढे म्हातारपणी जोसेफने याच लढाईबद्दल तक्रार केली. एवढं सोसलं, पण इतिहासात तिचं नाव फारसं कुणी घेत नाही. का? तर तिथे वॉशिंग्टन नव्हता, कुणी मोठा सेनापती नव्हता. मोठ्या माणसाच्या नावाने लढाई लक्षात राहते, छोट्या माणसांनी कितीही मोठं काम केलं तरी नाही. अडीचशे वर्षं जुनं दुखणं आहे, पण आपल्याला नवीन वाटत नाही, हो ना?

मूठभर तांदळाची मेजवानी

त्यानंतर महिन्याभरात, डिसेंबर १७७७ मध्ये, काँग्रेसने देशभर पाळायला सांगितलेला कृतज्ञतेचा सण आला. म्हणजे थँक्सगिव्हिंग. फौज तेव्हा व्हॅली फोर्जच्या वाटेवर होती आणि पोटात दोन-तीन दिवस नीट अन्न नव्हतं. आज मेजवानी म्हणून काय मिळालं? प्रत्येकी मूठभर तांदूळ आणि चमचाभर व्हिनेगर. जोसेफ हे इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगतो की वाचताना आधी हसू येतं आणि मग घास अडकतो.

व्हॅली फोर्जच्या त्या कुप्रसिद्ध हिवाळ्यात मात्र त्याचं नशीब जरा बरं निघालं. त्याला आसपासच्या शेतांवरून फौजेसाठी रसद गोळा करायच्या कामावर पाठवलं. म्हणजे शेतकऱ्यांकडून धान्य-जनावरं घ्यायची, बऱ्याचदा त्यांच्या मनाविरुद्ध. आपण लुटल्यासारखंच करतोय हे त्याला कळत होतं. पण पोट भरत होतं.

खरी उपासमार झाली ती दोन वर्षांनी, न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला. १७७९-८० चा तो हिवाळा त्या भागातल्या सगळ्यात कडक हिवाळ्यांपैकी एक. बर्फाने रस्ते बंद, रसद बंद. जोसेफ सांगतो, चार दिवस आणि चार रात्री त्याच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. एका काठीची साल तेवढी कुरतडली. काही जण जुने बूट भाजून खाताना त्याने पाहिले.

मे १७८० मध्ये कनेक्टिकटच्या सैनिकांचा बांध फुटला. संध्याकाळच्या हजेरीनंतर ते बराकीत गेलेच नाहीत, हत्यारं घेऊन उभे राहिले. झटापटीत एका कर्नलला संगीन लागली. त्यांना वेढायला पेनसिल्व्हेनियाची पलटण आणली. पण आपल्याला कशासाठी आणलंय हे त्या सैनिकांना कळलं तेव्हा तेच म्हणायला लागले, चला, आपणही यांनाच सामील होऊ. अधिकाऱ्यांनी घाईघाईने त्यांना परत नेलं.

इथे जोसेफ जे सांगतो ते मला त्याच्या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात प्रामाणिक वाटतं. त्यांना देश सोडायचा नव्हता, शत्रूला मिळायचं नव्हतं. त्यांचं देशावर प्रेम होतं, पण उपाशी मरून किती प्रेम करायचं हा प्रश्न होता. आणि गंमत म्हणजे, गोंधळ केल्यानंतर थोड्याच दिवसांत रसद आली!

पगाराचं काय झालं?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, खायला नव्हतं, पण पगार तर साठला असेल? हे समजून घ्यायला थोडं अर्थशास्त्र लागेल. घाबरू नका, दोन मिनिटांचं आहे.

युद्ध चालवणाऱ्या काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता. तो वसाहतींकडे, म्हणजे आता राज्यांकडे होता. मग पैसा कुठून आणायचा? छापायचा. कागदी नोटा छापल्या, त्यांना म्हणायचे काँटिनेंटल. युद्ध लांबलं, नोटा वाढल्या, किंमत घसरत गेली. १७८१ पर्यंत त्या इतक्या रद्दी झाल्या की एखादी वस्तू अगदी फालतू आहे हे सांगायला लोक म्हणायचे, ही काँटिनेंटलच्याही लायकीची नाही.

जोसेफच्या हिशेबाने, १७७६ नंतर त्याला पगार म्हणून खरा पैसा मिळाला तो फक्त एकदा. १७८१ मध्ये, यॉर्कटाउनला जाताना. एका महिन्याचा पगार, चांदीच्या नाण्यांत. आणि तोही मदतीला आलेल्या फ्रेंचांकडून उसना घेतलेला.

यॉर्कटाउन: रात्रीच्या अंधारात

१७८० मध्ये जोसेफची बदली सॅपर्स अँड मायनर्स या तुकडीत झाली होती. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समुळे हा शब्द आपल्याकडे अनेकांच्या ओळखीचा आहे. खंदक खणायचे, अडथळे तोडायचे, बाकी फौजेला वाट करून द्यायची. तिथे तो सार्जंटपदापर्यंत पोहोचला.

ऑक्टोबर १७८१. व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसची इंग्रज फौज अडकलेली. बाहेर अमेरिकन आणि फ्रेंच, समुद्रात फ्रेंच आरमार. एका अंधाऱ्या पावसाळी रात्री जोसेफची तुकडी शत्रूच्या अगदी जवळ जाऊन जमिनीवर लाकडी पट्ट्या मांडत होती. खंदक कुठून खणायचा याची खूण म्हणून. इंजिनियर थोडे पुढे गेले आणि हे लोक एकटेच राहिले. तेवढ्यात लांब कोट घातलेला एक माणूस आला, गप्पा मारल्या. म्हणाला, पकडले गेलात तर तुम्ही कोण आहात ते इंग्रजांना सांगू नका. सॅपर्सना शत्रू जिवंत सोडत नाही हे यांना आधीच माहीत होतं, त्यामुळे या सल्ल्याचं यांना हसूच आलं. थोड्या वेळाने कळलं की तो माणूस म्हणजे स्वतः वॉशिंग्टन.

पुढच्या रात्री खणायला सुरुवात झाली तेव्हा वॉशिंग्टनने कुदळीचे दोन-चार घाव घातले. जोसेफचं म्हणणं, यॉर्कटाउनची पहिली कुदळ वॉशिंग्टनने मारली असं पुढे सांगता यावं म्हणून. भूमिपूजन आणि फोटो ही जोडी फोटोच्याही आधीपासून आहे तर!

१४ ऑक्टोबरच्या रात्री खरा हल्ला झाला. इंग्रजांच्या बाहेरच्या फळीत मातीच्या दोन छोट्या गढ्या होत्या. ९ नंबरची फ्रेंचांनी घ्यायची, १० नंबरची अमेरिकनांनी. दहा नंबरवरच्या तुकडीचा म्होरक्या अलेक्झांडर हॅमिल्टन. परवलीचा शब्द होता फ्रेंच सेनापतीचं नाव, रोशाम्बो. भराभर म्हटलं की इंग्रजीत ते "पोरांनो, तुटून पडा" असं ऐकू यायचं, म्हणून सैनिकांना तो शब्द फार आवडला. गढीभोवती टोकं तासलेल्या फांद्यांचं दाट कुंपण होतं. सगळ्यात पुढे जोसेफ आणि सॅपर्स, हातात कुऱ्हाडी. कुंपण तोडून वाट काढायची, मागून संगिनी घेऊन बाकीचे. काही मिनिटांत गढी पडली.

१९ ऑक्टोबर १७८१ ला कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली. तो स्वतः मात्र तब्येतीचं कारण सांगून आलाच नाही, हाताखालच्या अधिकाऱ्याला पाठवलं.

इथे आपला एक धागा जुळतो. हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांत, १७८६ मध्ये, गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात मराठे आणि निजाम त्याच्या बाजूने होते. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या फौजा त्या मोहिमेत होत्या. १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला आणि तिथेच त्याची कबर आहे. म्हणजे हरलेल्या सेनापतीला नवी नोकरी मिळाली, मोठी. जिंकलेल्या सार्जंटचं काय झालं ते आता बघू.

त्याआधी एक कडू गोष्ट. व्हर्जिनियातले अनेक काळे गुलाम स्वातंत्र्याच्या आशेने पळून इंग्रजांकडे गेले होते. वेढ्याच्या काळात इंग्रजांनी त्यातल्या देवी आलेल्या लोकांना बाहेर हाकललं. जोसेफने जंगलात त्यांची प्रेतं पाहिली, काहींच्या तोंडात अर्धवट खाल्लेलं मक्याचं कणीस. वेढा संपल्यावर गुलामांचे मालक आपली माणसं शोधत आले, आणि बक्षिसाच्या आशेने जोसेफ आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांना मदत केली. त्याच्या वाट्याला जी कागदी नोटांची थप्पी आली तिच्यात रमची एक बाटली आली. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या माणसानेच दुसऱ्याला परत बेडीत पाठवायला हात लावला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला माहीत आहे.

घरी जा, धन्यवाद

जून १७८३ मध्ये फौज मोडली. सैनिकांना रोख पैसे नाहीत, थकलेल्या पगाराची प्रमाणपत्रं दिली. म्हणजे सरकार कधीतरी देईल असा कागद. पण अंगावर धड कपडे नसलेला माणूस "कधीतरी" वर किती दिवस जगणार? जोसेफने त्यातली काही विकली आणि नेसायला बरे कपडे घेतले. हजारो सैनिकांनी हेच केलं आणि सटोडियांनी हे कागद कवडीमोलाने गोळा केले.

१७९० मध्ये नव्या सरकारने ठरवलं की या कागदांची पूर्ण किंमत द्यायची. कुणाला? आज ज्याच्या हातात कागद आहे त्याला. मूळ सैनिकालाही काही वाटा द्या, असं जेम्स मॅडिसनने सुचवलं, पण ते फेटाळलं गेलं. ही योजना आणणारा अर्थमंत्री कोण? अलेक्झांडर हॅमिल्टन. हो, दहा नंबरच्या गढीवाला. त्याची बाजूही समजून घ्या. कागद ज्याच्या हातात त्याला पैसे मिळालेच पाहिजेत, नाहीतर सरकारवर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं त्याचं म्हणणं. देशाची पत त्यामुळे खरंच उभी राहिली. पण ज्याने वाट करून दिली त्याचा हात रिकामा राहिला.

आणि ती कबूल केलेली १०० एकर जमीन? ती दूर पश्चिमेला. तिथे जायचं कसं, नाव कुठे लावायचं, हे सांगायला कुणी नव्हतं. तिथेही सटोडियेच पुढे. जोसेफ यावर लिहितो तेव्हा त्याचा सगळा विनोद संपलेला असतो.

जंगलातलं शेत आणि जनरल साहेब

एक हिवाळा न्यूयॉर्कच्या डोंगराळ भागात शाळामास्तर म्हणून काढून जोसेफ उत्तरेला मेनमध्ये गेला. मेन तेव्हा मॅसॅच्युसेट्सचाच भाग होतं. पेनॉब्स्कॉट नदीच्या मुखाजवळ, पुढे ज्याला प्रॉस्पेक्ट नाव पडलं त्या गावात, तो वसला. झाडं तोडायची, बुंधे उपटायचे, दगड वेचायचे, मग कुठे पेरायचं. असं करत त्याने सुमारे १०० एकरांवर आपलं बस्तान बसवलं. १७९४ मध्ये लूसी क्लुलीशी लग्न झालं. पाच मुलं झाली.

त्याच्यासारखे शेकडो लोक तिथे आले होते, त्यात माजी सैनिकही होते. त्यांचा हिशेब साधा होता. या भागावर हक्क सांगणारं वाल्डो घराणं. त्यातले बरेच वारस इंग्लंडच्या राजाचे पक्षपाती, युद्धात देश सोडून गेलेले. मग जमीन मोकळीच. आणि आपण रक्त सांडलंय, घाम गाळलाय. ज्याने रान साफ केलं त्याचं शेत.

पण त्या घराण्यातली एक नात गेली नव्हती. तिचं नाव लूसी फ्लकर, आणि तिचा नवरा होता जनरल हेन्री नॉक्स. बोस्टनचा हा पुस्तकविक्रेता क्रांतीत वॉशिंग्टनच्या तोफखान्याचा प्रमुख झाला. यॉर्कटाउनच्या तोफा त्याच्याच हुकमाखाली होत्या. युद्धानंतर तो देशाचा युद्धमंत्री झाला. बायकोचा वारसा आणि बाकीच्यांचे हिस्से मिळून त्याने पाच लाख एकरांहून मोठा हा सगळा पट्टा आपल्या नावावर केला आणि थॉमस्टनला टोलेजंग हवेली बांधली. मग त्याची माणसं मोजणीच्या साखळ्या घेऊन शेताशेतांत आली. एकतर किंमत मोजा, नाहीतर निघा.

आपल्या भाषेत सांगायचं तर शेत जोसेफ कसत होता, पण सातबारा नॉक्सच्या नावाचा होता.

१७९७ मध्ये नॉक्सचा हक्क कायदेशीर ठरला. जोसेफच्या शेताची किंमत ठरली १७० डॉलर, सहा वर्षांत फेडायची. आकडा लहान वाटतो. पण ज्या माणसाला सात वर्षांच्या नोकरीत एकदाच खरा पगार मिळाला, आणि ज्याच्या गावात नाणं क्वचित दिसतं, त्याच्यासाठी हा डोंगर होता. त्याने नॉक्सला विनवणीचं पत्र लिहिलं. काही फायदा झाला नाही.

सगळेच विनवण्या करत बसले नाहीत, हेही सांगायला हवं. मेनच्या अनेक वसाहतवाल्यांनी रात्री चेहरे रंगवून, मूळ रहिवाशांचा वेश घेऊन मोजणीदारांना पळवून लावलं. गंमत बघा. ही जमीन खरं तर वाबानाकी लोकांची, त्यात पेनॉब्स्कॉटही आले. त्यांचा हक्क ना नॉक्सने विचारात घेतला ना या शेतकऱ्यांनी. वेश मात्र त्यांचाच घेतला.

१८११ पर्यंत जोसेफचं शेत निम्म्यावर आलं, आणि १८१८ पर्यंत त्याच्याकडे काहीच जमीन उरली नाही. नॉक्सचंही फार भलं झालं नाही. मोठमोठ्या धंद्यांत कर्जबाजारी होऊन तो १८०६ मध्ये गेला, तोही कोंबडीचं हाड घशात अडकल्याच्या निमित्ताने.

दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर

१८१८ मध्ये, युद्ध संपून ३५ वर्षं झाल्यावर, गरजू माजी सैनिकांसाठी पेन्शनचा कायदा झाला. साध्या सैनिकाला महिन्याला ८ डॉलर, वर्षाला ९६. पण दोन वर्षांनी सरकारने सांगितलं, तुम्ही खरंच गरीब आहात हे सिद्ध करा. जोसेफने कोर्टात शपथेवर यादी दिली: दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर. घर-जमीन काही नाही. बायको आजारी. आपण मजुरी करणारे, पण आता अंगात ताकद नाही. साठीला आलेल्या सैनिकाला आपली गरिबी अशी मोजून दाखवावी लागली.

गावात मात्र त्याला मान होता. पंचवीसच्या वर वर्षं तो गावचा कारकून होता. गावातल्या नोंदी त्याच्या हातच्या.

आणि १८३० मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, त्याने आपली हकीकत छापली. नाव न घालता, मेनमधल्याच हॅलोवेल गावी. पुस्तक फारसं विकलं गेलं नाही. माजी सैनिकांना पेन्शन कशाला, असं म्हणणारे लोक तेव्हाही होते. त्यांना त्याने उत्तर दिलंय: आम्ही आमचा शब्द शेवटपर्यंत पाळला, देशाने त्याचा पाळला का?

२ मे १८५० रोजी, ८९ व्या वर्षी, जोसेफ गेला. १९६२ मध्ये ते पुस्तक पुन्हा छापलं गेलं आणि इतिहासकारांच्या हाती घबाड लागलं. आज या क्रांतीतला साधा सैनिक काय खात होता, कुठे झोपत होता, काय विचार करत होता, हे कुणाला लिहायचं असेल तर जोसेफला टाळून पुढे जाता येत नाही. मॉरिसटाउनच्या उपासमारीवरचं कुठलंही पुस्तक उघडा, तिथे तो भेटतोच.

मग यातून घ्यायचं काय?

क्रांती खोटी होती, असं जोसेफ कुठेच म्हणत नाही. पुन्हा विचारलं असतं तर बहुधा पुन्हा सही केली असती, बिनधक्क्याची. त्याचं म्हणणं इतकंच की करार दोन बाजूंचा असतो. लढताना "आपण" म्हणायचं आणि वाटणीच्या वेळी कागद दाखवायचा, हे चालणार नाही. नॉक्सकडे कागद होता. सटोडियांकडे कागद होते. जोसेफकडेही कागद होता, पण पोटासाठी तो विकावा लागला. वाबानाकी लोकांच्या आणि व्हर्जिनियातल्या पळालेल्या गुलामांच्या हातात तर कुणी कागद दिलाच नव्हता.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही देशाच्या स्वातंत्र्याची गोष्ट ऐकाल, आपल्याही, तेव्हा लढाई कुणी जिंकली एवढ्यावर थांबू नका. दहा वर्षांनी जमीन कुणाच्या नावावर होती, तेही विचारा.

शेत जोसेफच्या हातून गेलं. पण आपली गोष्ट त्याने दुसऱ्या कुणाला सांगू दिली नाही. तुमच्या घरात, गावात असं कुणी असेल, आजोबा, पणजी, सैन्यातले काका, ज्यांचं नाव कुठल्याच फलकावर नाही, तर फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि त्यांना बोलतं करा. इतिहास पुढे कुणाला उपयोगी पडेल, सांगता येत नाही.